हार्ब्रेस हँडबुक: तपासलेल्या वीस हजार निबंधांतून घडलेले व्याकरण

निबंधाच्या समासात लाल शाईने '१२' असा आकडा. अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला बसलेल्या कित्येक पिढ्यांना त्याचा अर्थ बघताक्षणी कळायचा. ते गुण नव्हते. 'हार्ब्रेस कॉलेज हँडबुक' उघड, बारावा विभाग काढ, तुझा स्वल्पविराम चुकला आहे, असा तो निरोप होता. १८ म्हणजे स्पेलिंग. २० म्हणजे नेमका शब्द सापडलेला नाही. २८ म्हणजे सर्वनाम कोणासाठी आले आहे ते वाचणाऱ्याला समजत नाही.

हे पुस्तक १९४१ साली निघाले. लेखक जॉन सी. हॉजेस, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल इथल्या टेनेसी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. प्रकाशक हारकोर्ट ब्रेस. 'हार्ब्रेस' हे नाव प्रकाशकाच्याच नावातून जुळवलेले. पुढे संपादक बदलले, नाव थोडेफार बदलले, प्रकाशनगृहांच्या खरेदीविक्रीत मालकीही बदलली, तरी एकविसाव्या शतकातही त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. अमेरिकेत कॉलेजसाठी लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकांत इतके दीर्घायुष्य फार थोड्यांना लाभले.

मला या प्रकरणात रस वाटतो तो एका कारणाने. १९४१ साली अमेरिकेच्या बाजारात अशी पुस्तके कमी नव्हती. उलट गर्दीच होती. हॉजेस यांनी नवे नियम शोधले नाहीत, जुने मोडलेही नाहीत. त्यांनी एकच वेगळी गोष्ट केली: पुस्तक लिहिण्याआधी मोजणी केली. आणि मोजले काय, तर शिक्षकांनी निबंधांवर केलेल्या खुणा. विद्यार्थी कसे लिहितात, याच्यापेक्षा शिक्षक कुठे थांबतात, याची ती मोजणी होती. या पुस्तकाचे बळ त्यातून आले आणि त्याची मर्यादाही त्यातूनच आली, असे माझे मत आहे. ते पटवून द्यायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल.

निबंधांचा ढीग

अमेरिकन कॉलेजात पहिल्या वर्षाला सक्तीचे इंग्रजी लेखन आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव शतकात. हार्वर्डने १८७४ पासून प्रवेशासाठी इंग्रजीत छोटा निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली. चांगल्या घरांतून, चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांचे लेखन पाहून परीक्षक हादरले. १८९० च्या दशकात हार्वर्डच्याच एका समितीने या अवस्थेवर लागोपाठ अहवाल काढले आणि दोष माध्यमिक शाळांच्या माथी मारला. उपाय मात्र कॉलेजनेच करायचा होता, आणि तो असा ठरला: मुलांनी भरपूर लिहावे, शिक्षकांनी ते सगळे तपासावे.

हार्वर्डने केले ते इतरांनी उचलले. राज्याराज्यांतली सरकारी विद्यापीठे वाढत होती, विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती, आणि एकेका शिक्षकापुढे वर्षाकाठी निबंधांची चळत उभी राहू लागली. मिशिगन विद्यापीठाचे फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी १८९० च्या दशकात लिहून ठेवले आहे की, त्या एका वर्षात आपण तीन हजारांहून जास्त निबंध वाचले. १९१२ च्या जानेवारीत इंग्रजीच्या शिक्षकांचे 'इंग्लिश जर्नल' सुरू झाले. पहिल्याच अंकात कॅन्सस विद्यापीठाच्या एडविन हॉपकिन्स यांचा लेख होता. सध्याच्या परिस्थितीत लेखन नीट शिकवता येईल का, हा त्याचा मथळ्यातला प्रश्न. लेखाचा पहिलाच शब्द होता: नाही.

या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला साधन हवे होते. एडविन वूली हे विस्कॉन्सिनचे. त्यांनी १९०७ मध्ये ते पुरवले. त्यांच्या पुस्तिकेत क्रमांक घातलेले ३५० नियम होते. शिक्षकाने समासात नियमाचा क्रमांक टाकायचा, मुलाने तो उघडून वाचायचा आणि चूक दुरुस्त करून निबंध परत द्यायचा. समजावून सांगण्याचे काम पुस्तकाकडे गेले, शिक्षकाकडे उरले ते बोट ठेवण्याचे. कल्पना इतकी सोयीची होती की पुढच्या तीस वर्षांत तशाच पुस्तकांची रांग लागली. १९१८ मध्ये निघालेल्या एका पुस्तकाने नियम शंभरावर आणले. काहींनी क्रमांकांऐवजी अक्षरचिन्हे वापरली, काहींनी दोन्ही.

पण ३५० नियम ज्याने ठरवले, त्याने ते कशावरून ठरवले? स्वतःच्या अनुभवावरून, आधीच्या पुस्तकांवरून आणि व्याकरणाच्या परंपरेवरून. अनुभव खोटा नसतो, पण तो एका माणसाचा असतो. विद्यार्थी क्वचित चुकतात अशा नियमाला आणि ओळीआड चुकतात अशा नियमाला तिथे सारखीच जागा मिळे. लाल पेन घेऊन बसलेल्या शिक्षकाला साडेतीनशे क्रमांक पाठ होणे शक्य नव्हते, आणि पाठ नसलेला क्रमांक शोधत बसण्यापेक्षा चूक स्वतःच दुरुस्त करून टाकणे सोपे होते. म्हणजे ज्यासाठी पुस्तक केले तो हेतूच निसटायचा.

नॉक्सव्हिलमधली मोजणी

हॉजेस यांचा जन्म १८९२ चा. नॉक्सव्हिलमध्ये त्यांनी आयुष्याची कित्येक दशके काढली, इंग्रजी विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. पण व्याकरणकार ही त्यांची विद्वानांमधली ओळख नव्हती. ते इंग्रज नाटककार विल्यम कॉन्ग्रीव्हचे अभ्यासक होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनची रंगभूमी गाजवलेल्या या नाटककाराचे चरित्र त्यांनी लिहिले, तेही नव्याने हाती आलेल्या साधनांवरून. ते चरित्र हँडबुकच्याच वर्षी, १९४१ मध्ये आले. पुढे १९५५ मध्ये त्यांनी कॉन्ग्रीव्हच्या ग्रंथसंग्रहाची यादीही प्रसिद्ध केली.

ही माहिती मी सहज म्हणून दिलेली नाही. एका नाटककाराच्या घरात कोणकोणती पुस्तके होती हे कागदपत्रांवरून खणून काढणारा माणूस 'मुलांच्या चुका मला माहीत आहेत' एवढ्यावर थांबणारा नव्हता. आधी पुरावा, मग विधान, ही संशोधकाची सवय त्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गात आणली. अमेरिकेत त्या काळी साहित्याचे संशोधन ही प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि निबंध तपासणे हे नव्या, कनिष्ठ शिक्षकांच्या गळ्यात पडणारे काम होते. हॉजेस यांनी दोन्ही कामांना एकच शिस्त लावली, हे मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते.

काळही अनुकूल होता. मंदीच्या वर्षांत केंद्र सरकार पाहण्या, नोंदी, सर्वेक्षणे यांवर पैसा खर्च करत होते. नॉक्सव्हिलला तर त्याचा जवळून अनुभव होता, कारण केंद्र सरकारने १९३३ मध्ये स्थापन केलेल्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाचे मुख्य ठाणे त्याच शहरात होते. विद्यार्थ्यांच्या लेखनात कोणत्या चुका किती वेळा येतात, याच्या अभ्यासासाठी हॉजेस यांनीही केंद्राचे पैसे मिळवले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सोळा शिक्षकांनी तपासलेले वीस हजार निबंध जमा झाले. सरासरी काढली तर प्रत्येक शिक्षकामागे १,२५० निबंध पडतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मदतीने त्यांवरच्या खुणांचे वर्गीकरण झाले. हे काम १९३८-३९ च्या सुमाराचे.

सर्वाधिक खुणा ज्या दहा बाबींवर होत्या त्या अशा: स्वल्पविराम; स्पेलिंग; शब्दांचा नेमकेपणा; कर्ता-क्रियापदाचा व नाम-सर्वनामाचा मेळ; अनावश्यक स्वल्पविराम; सर्वनामाचा संदर्भ; अपॉस्ट्रॉफी; गाळलेले शब्द; पाल्हाळ; आणि शिष्टसंमत शब्दप्रयोग.

ही यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. स्वल्पविराम तिच्यात दोनदा आला आहे, एकदा हवा तिथे नाही म्हणून आणि एकदा नको तिथे आहे म्हणून. माझा अंदाज असा की यातली दुसरी चूक काही अंशी पहिलीच्या शिकवणुकीतून जन्मली असावी. 'इथे स्वल्पविराम दे' असे शंभर वेळा ऐकलेला मुलगा धास्तीने प्रत्येक श्वासाला स्वल्पविराम देऊ लागतो. दुसरी गोष्ट अशी की, व्याकरणाच्या पुस्तकांत ज्यांना मानाचे स्थान असते त्यांतले बरेच काही इथे पहिल्या दहांत नाही. क्रियापदाच्या काळांची कोष्टके नाहीत, विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यातला घोळ नाही. आहेत त्यांतल्या चार बाबी तर निव्वळ कागदावरच्या: स्पेलिंग, स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी बोलताना ऐकूच येत नाहीत. मुलांना इंग्रजी येत नव्हते असे नव्हे. लिहिण्याचे संकेत हातात बसले नव्हते.

मोजणीचे पुस्तक कसे झाले

यादी हातात आल्यावर हॉजेस यांना सोपा मार्ग होता: वारंवारतेच्या क्रमाने प्रकरणे लावायची. त्यांनी तसे केले नाही. शतकाच्या मध्यावरच्या आवृत्त्या उघडल्या तर पुस्तक वाक्याच्या जाणिवेपासून सुरू होते. मग अपुरे वाक्य, स्वल्पविरामाने चिकटवलेली दोन वाक्ये, विभक्ती, मेळ, क्रियापद. त्यानंतर हस्तलिखिताचे नियम. १२ वर स्वल्पविराम, १३ वर अनावश्यक स्वल्पविराम, १५ वर अपॉस्ट्रॉफी, १८ वर स्पेलिंग, १९ ते २२ शब्दयोजना, तिथून पुढे परिणामकारक वाक्य, आणि शेवटी परिच्छेद, संपूर्ण निबंध, संशोधनपर लेख, पत्रे. म्हणजे मांडणी व्याकरणाच्या तर्काने झाली. मोजणीने ठरवले ते हे, की कोणत्या बाबीला स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र क्रमांक मिळावा. अनावश्यक स्वल्पविरामाला स्वतःचे घर मिळते आणि काही पारंपरिक नियमांची रवानगी दुसऱ्या एखाद्या विभागातल्या पोटकलमात होते, हा त्या यादीचा परिणाम.

मुख्य विभाग पस्तीसच्या आसपास ठेवले, म्हणजे वूलींच्या ३५० नियमांच्या एक दशांश. हा आकडा माणसाच्या स्मरणात मावतो. चार-सहा आठवड्यांत शिक्षकाला क्रमांक तोंडपाठ होतात, सत्र संपेपर्यंत विद्यार्थ्यालाही. प्रत्येक विभागात पुन्हा अ, ब, क अशी पोटकलमे. घाई असेल तर शिक्षकाने नुसते १२ लिहावे, सवड असेल तर १२अ. सगळ्या क्रमांकांचा आणि खुणांचा तक्ता आतल्या बाजूला मुखपृष्ठाला लगटून छापलेला, पाने न उलटता दिसावा म्हणून. मुलांच्या हातात बसेल असा आटोपशीर आकार.

व्याकरण म्हणून या पुस्तकात क्रांतिकारक काही सापडत नाही. कारागिरी मात्र उत्तम आहे. ज्याला रात्री जागून पन्नास निबंध संपवायचे आहेत, त्याचा हात कसा चालतो हे ओळखून ते बांधले आहे.

इथे मराठी वाचकाला स्वाभाविकपणे रेन आणि मार्टिन आठवतील. तेही पुस्तक १९३० च्या दशकातलेच, आणि त्याचे प्रकाशन आपल्या मुंबईतून झालेले. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतल्या पिढ्या त्यावर वाढल्या. पण त्याची घडण वेगळी आहे: आधी व्याख्या, मग नियम, मग उदाहरणे, मग सरावासाठी प्रश्न. ते पुढून मागे वाचायचे पाठ्यपुस्तक आहे. हार्ब्रेस मधूनच उघडायचे पुस्तक आहे, आणि ते उघडण्याचे कारण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाक्यात असते. एकात भाषा परकी म्हणून शिकायची आहे, दुसऱ्यात आपलीच भाषा चारचौघांत वावरण्याजोगी करायची आहे. दोन्ही गरजा खऱ्या, पण एकीचे पुस्तक दुसरीला पुरत नाही.

प्रकाशनानंतर काही महिन्यांत अमेरिका युद्धात उतरली. पुस्तकाला खरी मोठी बाजारपेठ मिळाली ती युद्ध संपल्यावर. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि सुमारे बावीस लाख माजी सैनिक कॉलेजांत दाखल झाले. १९४७ मध्ये कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांत जवळपास निम्मे तेच होते. वर्ग फुगले, घाईघाईने शिक्षक नेमले गेले, आणि त्यांतल्या कित्येकांना लेखन शिकवण्याचा अनुभव नव्हता. अशा नवख्याला क्रमांकांचा तक्ता हा आधार होता: काय तपासायचे, कोणत्या नावाने तपासायचे, आणि शेजारच्या वर्गातले सहकारी काय तपासत आहेत, हे सगळे एका पानावर. एकाच विद्यापीठातल्या तीस-चाळीस वर्गांना एकच माप लावण्याची प्रशासनाची गरजही त्याने भागवली. १९६२ च्या पाचव्या आवृत्तीपासून मेरी व्हिटन सहलेखिका म्हणून आल्या, आणि १९६७ मध्ये हॉजेस वारल्यावरही पुस्तक अखंड चालू राहिले.

पुस्तकाच्या मानधनातून टेनेसी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागासाठी 'बेटर इंग्लिश फंड' उभा राहिला. विद्यापीठाचे ग्रंथालयही हॉजेस यांच्याच नावाचे आहे. १९६९ मध्ये ते उघडले आणि १९८७ मध्ये मोठे केले. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या चुकांतून आलेला पैसा त्यांच्याच मागून येणाऱ्यांच्या शिक्षणाकडे वळला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

कोणी काय मोजले

आता मर्यादेकडे. त्यासाठी हॉजेस यांच्या मोजणीशेजारी त्याच दशकातल्या आणखी दोन मोजण्या ठेवायला हव्यात.

१९३२ मध्ये स्टर्लिंग लेनर्ड यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वादग्रस्त समजले जाणारे सुमारे २३० शब्दप्रयोग भाषातज्ज्ञ, संपादक, लेखक, शिक्षक अशा मंडळींपुढे ठेवले आणि शिष्ट समाजात हे चालते का, असे विचारले. पुस्तकांनी त्याज्य ठरवलेल्या कितीतरी प्रयोगांना या जाणत्यांनी खुशाल मान्यता दिली. ही मतांची मोजणी. १९४० मध्ये चार्ल्स फ्राइज यांचे अमेरिकन इंग्रजीचे व्याकरण आले. सामान्य नागरिकांनी सरकारी खात्याला लिहिलेली हजारो पत्रे त्यांनी तपासली आणि लोक प्रत्यक्षात कोणती रूपे लिहितात याच्या नोंदी केल्या. ही वापराची मोजणी. या दोन्ही कामांना अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेचा पाठिंबा होता.

हॉजेस यांनी ना मत विचारले, ना वापर नोंदवला. त्यांनी पेनाच्या खुणा मोजल्या. कॉलेजच्या वर्गात जिंकले ते हेच पुस्तक, आणि ते साहजिक होते. लेनर्ड आणि फ्राइज शिक्षकाला सांगत होते की तू ज्याला चूक म्हणतोस ती कदाचित चूकच नाही. हॉजेस सांगत होते की तू जे रोज तपासतोस ते मी तुला नीट लावून देतो. थकलेला माणूस हॉजेस यांचेच ऐकणार.

पण शिक्षकाची खूण म्हणजे चूक नव्हे. सुटलेल्या स्वल्पविरामावर खूण करायला दोन सेकंद लागतात. युक्तिवादातली फट दाखवायला समासात चार ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिण्याआधी विचार करावा लागतो. तेव्हा पहिल्या क्रमांकावर स्वल्पविराम आला याचा अर्थ तो सर्वांत जास्त चुकत होता एवढाच होत नाही. तो सर्वांत स्वस्तात तपासता येत होता, हाही होतो. आणि एकदा पुस्तक छापून हातात आले की फेरा पूर्ण होतो. शिक्षकांच्या खुणांवरून पुस्तक, पुस्तकातल्या क्रमांकांवरून पुढच्या शिक्षकांच्या खुणा, त्या खुणांवरून पुढची आवृत्ती. ज्याला क्रमांक नाही ते दिसेनासे होते. 'तुला नेमके काय म्हणायचे आहे?' या प्रश्नाला क्रमांक देता येत नाही.

नंतरच्या संशोधनाने हे धागे एकेक करून उसवले. १९६३ मध्ये त्याच राष्ट्रीय परिषदेच्या एका अहवालाने निष्कर्ष काढला की औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारते याला आधार नाही. उलट ते लिहिण्याचा वेळ खात असेल तर नुकसानच होते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७० मध्ये सर्वांना दार उघडल्यावर तिथे आलेल्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध मायना शॉनेसी यांनी अभ्यासले. गोंधळ वाटणाऱ्या चुकांमागे मुलांचा स्वतःचा एक तर्क असतो, अर्धवट शिकलेला नियम असतो, हे त्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात वाक्यावाक्यानिशी दाखवले. मला ते काम फार मोठे वाटते, कारण त्यांनी खूण बाजूला सारली आणि ती ज्याच्या वाक्यावर झाली त्या मुलाचे ऐकले. १९८१ मध्ये जोसेफ विल्यम्स यांनी चुकांविषयीच एक लेख लिहिला आणि त्यात मुद्दाम शंभरेक चुका पेरल्या. बहुतेक वाचकांना त्या दिसल्या नाहीत. विद्यार्थ्याचा निबंध हातात घेतला की आपण चुका शोधायला बसतो, छापील लेख हातात घेतला की वाचायला बसतो.

मोजणीची मोजणी

हॉजेस यांच्या कामाला खरी दाद मिळाली ती सत्तेचाळीस वर्षांनी. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड या दोघांना नवे हँडबुक लिहायचे होते. विद्यार्थी आज कोणत्या चुका करतात याची ताजी माहिती त्यांनी शोधली, तर सापडल्या जुन्याच मोजण्या: १९१७ ची एक, १९३० ची एक, आणि हॉजेस यांची. मधल्या जवळजवळ अर्धशतकात हजारो शिक्षकांनी लाखो निबंधांवर तेच क्रमांक टाकले होते, आणि ते क्रमांक अजून बरोबर आहेत का हे कोणी तपासले नव्हते.

या दोघांनी देशभरातल्या ३०० शिक्षकांकडून २१ हजारांवर निबंध मिळवले, त्यांतले तीन हजार नमुना म्हणून निवडले, आणि हॉजेस यांनी जी गोष्ट केली नव्हती ती केली: चुका वेगळ्या मोजल्या आणि शिक्षकांच्या खुणा वेगळ्या मोजल्या. १९८८ मध्ये निष्कर्ष छापून आले. गंभीर समजल्या जाणाऱ्या चुकांपैकी शिक्षकांनी खूण केली ती जेमतेम ४३ टक्के चुकांवर. सर्वांत जास्त आढळलेली चूक होती वाक्याच्या सुरुवातीच्या पदबंधानंतर स्वल्पविराम न देणे. एकूण चुकांत तिचा वाटा ११.५ टक्के, पण शिक्षकांनी ती टिपली साधारण तीनांत एकदा. याउलट इंग्रजीतल्या 'इट्स'च्या अपॉस्ट्रॉफी असलेल्या आणि नसलेल्या (it's आणि its) रूपांची अदलाबदल वीस चुकांच्या यादीत शेवटची होती, आणि तिच्यावर खूण झाली होती ६४ टक्के वेळा. ती डोळ्यांत खुपते, तिचे उत्तर एका शब्दाचे असते. अर्धशतकापूर्वीच्या वीस हजार निबंधांवरही अशीच निवड झाली असणार असे मी मानतो, फक्त ती मोजायची सोय आता राहिलेली नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शंभर शब्दांमागे चुका १९१७ मध्ये २.११ होत्या, १९३० मध्ये २.२४, आणि १९८० च्या दशकात २.२६. प्रत्येक पिढी म्हणते की हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही; आकडे मात्र जागचे हललेले नाहीत. आणि याच काळात पहिल्या वर्षाच्या निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्दांवरून ४२२ वर गेली होती. कॉनर्स-लन्सफर्ड यांचे हँडबुक १९८९ मध्ये या मोजणीच्या पायावर उभे राहिले, म्हणजे हॉजेस यांचाच रस्ता, एका दुरुस्तीसह.

२००८ मध्ये अँड्रिया लन्सफर्ड यांनी कॅरन लन्सफर्ड यांच्यासोबत पुन्हा मोजणी प्रसिद्ध केली. या वेळी ८७७ निबंध, सरासरी लांबी हजार शब्दांच्या वर. चुकांचे प्रमाण शंभर शब्दांमागे २.४५. पण यादी बदलली होती. पहिल्या क्रमांकावर चुकीचा शब्द आला होता, आणि त्यातल्या काही चुका तर संगणकाच्या स्पेलिंग-तपासनीसाने सुचवलेला शब्द डोळे मिटून घेतल्याने झालेल्या. तिसऱ्या क्रमांकावर होती संदर्भ नीट न देण्याची चूक, जी हॉजेस यांच्या पहिल्या दहांत नव्हती, कारण तेव्हाची मुले बहुतेक स्वतःच्या अनुभवावर निबंध लिहीत आणि आताची मुले पुरावे देऊन लिहितात.

मराठी शिकवणाऱ्यांनी हे प्रकरण जवळून पाहावे असे मला कळकळीने वाटते. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून आपल्या हातात आहेत, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधी १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ आला. नियमांची आपल्याला वाण नाही. पण ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप, लांबलेल्या वाक्यात कर्त्यापासून तुटलेले क्रियापद, यांतले पहिल्या वर्षाच्या मुलांच्या कागदावर कोणते किती येते आणि आपण त्यांतले कोणते पाहतो, हे सांगायला नियमांचे पुस्तक उपयोगी पडत नाही. त्यासाठी तपासलेले कागद एकत्र करून बसावे लागते. तसे कोणी बसलेच, तर वेलांटीवर किती खुणा झाल्या आणि न कळणाऱ्या वाक्यावर किती, हे दोन आकडे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

हार्ब्रेसच्या अलीकडच्या संपादकांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. अनेक वर्षे या पुस्तकाची दोन रूपे बाजारात होती. एकात हॉजेस यांच्या क्रमाने आधी वाक्य आणि व्याकरण, मग बाकीचे. दुसऱ्यात आधी लेखक कोणासाठी, कशासाठी, कोणत्या प्रसंगी लिहितो आहे याची चर्चा, मग परिच्छेद आणि संशोधन, आणि स्वल्पविराम बराच मागे. दोन्हींच्या नावात हार्ब्रेस होते, आणि आपल्या वर्गासाठी कोणते घ्यायचे हे ज्या त्या विभागाने ठरवायचे होते.